गळ, पाणी आणि मैत्रिणी

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी ही काही प्रवाशांनी मुद्दाम पाहावयास जावे अशी जागा नव्हे. तथापि छत्तीसगढमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिचा पत्ता विचारावा लागत नाही. तेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, आणि परमुलुखातील मराठी कुटुंबाला अशी वास्तू म्हणजे गावातले दुसरे घरच असते. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसे या प्रदेशात आली. पुढे आगगाडीने, कचेऱ्यांनी, शाळांनी आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याने आणखी कितीतरी आणली. 1956 सालच्या 1 नोव्हेंबरला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा तोवर एकाच प्रांतात असलेली नागपूर व रायपूर ही दोन शहरे दोन राज्यांत गेली. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांचे माहेर आणि सासर एकाच प्रांतात होते, त्या स्त्रियांचे माहेर एका रात्रीत परप्रांतात गेले. 2000 साली रायपूर स्वतःच एका राज्याची राजधानी झाले, आणि बदलीवर येणाऱ्या कुटुंबांची रीघ आणखी वाढली.

बदली हा शब्द सरकारी कागदावर पुरुषाच्या नावाने येतो. बिऱ्हाड बांधते ती स्त्री. नव्या गावात पुरुषाला कचेरी असते, मुलांना शाळा असते. स्त्रीला मात्र नवे गाव एकेक दार ठोठावून ओळखीचे करून घ्यावे लागते. तिच्या बालमैत्रिणी लग्नाबरोबर चार दिशांना पांगलेल्या असतात. नव्या गावी तिला ज्या भेटतात त्या बहुधा यजमानांच्या सहकाऱ्यांच्या पत्नी. त्या तिला वहिनी म्हणतात, मुले काकू म्हणतात, शेजारीण अमक्याची आई म्हणते. तिला नुसत्या नावाने हाक मारणारे माणूस त्या गावात कोणीच नसते. नावाने हाक मारणारी मैत्रीण वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा मिळू शकते काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्या घरांतून मुले शिकावयास बाहेरगावी गेली आहेत, तेथे दुपारी दोन वाजता तो फार मोठा होतो.

आपल्या समाजाने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच शोधून ठेवले आहे. त्या उत्तराला 'निमित्त' असे नाव देता येईल. स्त्रियांनी एकत्र जमावे, हसावे, मन मोकळे करावे याला आपली कधी ना नव्हती. फक्त त्याला निमित्त लागे. चैत्रात हळदीकुंकू, श्रावणात मंगळागौर, आश्विनात भोंडला, एरव्ही भजन आणि अलीकडे भिशी. देवासाठी, नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलांच्या कल्याणासाठी, निदान चार पैशांच्या बचतीसाठी तरी जमावयाचे. निव्वळ स्वतःला बरे वाटावे म्हणून घराबाहेर पडण्याची सोय या व्यवस्थेत नव्हती. झिम्मा आणि फुगडी हे अस्सल खेळ. पण तेही गौरीच्या पदराआडूनच खेळावयाचे!

आता अशी कल्पना करावी की, चौबे कॉलोनीतील एखाद्या हळदीकुंकवाला कोणी बाईंनी सहज म्हटले, "येत्या रविवारी आपण साऱ्याजणी गळ घेऊन खारून नदीवर जाऊ या." काय होईल? प्रथम हशा होईल. मग कोणी विचारील, "मासे आणणार कोण आणि खाणार कोण?" एखादी शाकाहारी गृहिणी किंचित मागे सरकेल. आणि बाईंनी पुढे असे सांगितले की मासा धरून पुन्हा पाण्यात सोडावयाचा आहे, तर "मग जायचे कशाला?" असा प्रश्न सर्वांच्या तोंडून एकदमच निघेल. तो प्रश्न अगदी रास्त आहे. जगाच्या दुसऱ्या भागांतील स्त्रियांनी त्याला दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे.

वास्तविक छत्तीसगढच्या भूमीत स्त्री आणि मासा यांचे नाते नवे नाही. हा तलावांचा मुलूख. एकट्या रायपुरात बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा, कंकाली अशी नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. शेजारचे बिलासपूर शहर तर एका केवटिणीच्या नावावर वसले आहे अशी लोकपरंपरा आहे. अरपा नदीच्या काठची ही बिलासा केवटीण, मासेमारांच्या घरची मुलगी. तिच्या शौर्याच्या कथा तिकडे अजून गाइल्या जातात, आणि बिलासपूरच्या विमानतळाला तिचेच नाव दिलेले आहे. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून पाणी खेळू लागले की खेड्यातल्या बाया मासे धरताना दिसतात. आपल्याकडे कोकणपट्टीत मासळीचा सारा बाजार कोळिणींनी तोलून धरला आहे. परंतु हे सर्व कष्ट होत. उपजीविकेसाठी स्त्रीने पाण्यात उतरावे याला कोणाचीच हरकत नव्हती. मासेमारी हा विनोद, म्हणजे करमणूक, झाला की तो पुरुषाचा, आणि तोही थोर पुरुषाचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. मराठी भाषेच्या जुन्या खुणा ज्यात सापडतात म्हणून आपले अभ्यासक ज्याचा आदराने उल्लेख करतात, तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे आमिष, गळाची रीत हे सारे त्यात तपशिलाने आले आहे. गळ टाकून निवांत बसणे ही राजाला शोभणारी गोष्ट होती. श्रमात भागीदारी आणि विसाव्यात मज्जाव, हा न्याय केवळ आपल्याच देशात होता असे मात्र नाही.

इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर छापले गेलेले पहिले पुस्तक 1496 सालचे. परंपरेने ते डेम जूलिआना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर सांगितले जाते. ती खरोखर होऊन गेली काय आणि हे लेखन तिचेच काय, याविषयी पंडितांत एकमत नाही. पण ज्या विद्येचा आद्य ग्रंथ लोकांनी पाचशे वर्षे एका स्त्रीच्या नावाने ओळखला, त्याच विद्येच्या मंडळांनी पुढे स्त्रियांना दाराबाहेर उभे केले हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा. आयझॅक वॉल्टनचे सुप्रसिद्ध पुस्तक त्यानंतर 157 वर्षांनी आले. 1496 च्या त्या छोट्या ग्रंथात बारा कृत्रिम माश्या कशा बांधाव्या हे सांगितले आहे, आणि इंग्रजीत 'फ्लाय फिशिंग', म्हणजे माशीच्या गळाची विद्या, तेथूनच लेखी स्वरूपात सुरू होते.

ही विद्या आपल्या ओळखीच्या गळाहून वेगळी आहे. आपल्याकडचा गळ म्हणजे काठी, दोरी आणि काट्याला लावलेले गांडूळ किंवा कणकेची गोळी. गळ पाण्यात सोडला की वाट पाहणे एवढेच काम उरते. माशीच्या गळात काट्यावर पिसे, लोकर आणि रेशमी धागा गुंडाळून एखाद्या कीटकाचे सोंग उभे केलेले असते. त्याला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते दोरीला. लवचीक काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडत जाते. ती पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचे, आणि मग काठी पुढे आणावयाची. दोरी पुढे उलगडते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. शिकविणारे घड्याळाच्या तबकडीची उपमा देतात: काठी दहा आणि दोनच्या आकड्यांमध्येच हलली पाहिजे. दंडाच्या जोराला येथे किंमत नाही. जो जोर करतो त्याची दोरी त्याच्याच टोपीत अडकते. किंमत आहे ती मधल्या त्या थांबण्याला. या एका गोष्टीमुळे अनेक स्त्रिया ही कला पुरुषांपेक्षा लवकर आत्मसात करतात, असा शिकविणाऱ्यांचा अनुभव आहे. कारण त्या पहिल्याच दिवशी पाण्याशी कुस्ती खेळावयास जात नाहीत.

याचे प्रमाण हवे असेल तर स्कॉटलंडच्या नद्यांकडे पाहावे. 1922 सालच्या 7 ऑक्टोबरला टे नदीवर जॉर्जिना बॅलन्टाइन नावाच्या तरुणीने 64 पौंडांचा, म्हणजे सुमारे 29 किलोचा सॅमन मासा धरला. वडील होडी वल्हवीत होते. झुंज दोन तास चालली. संध्याकाळचा काळोख पडला. ब्रिटनमध्ये काठीने धरलेला एवढा मोठा सॅमन त्यानंतर कोणाला मिळालेला नाही. तिने तो आमिषावर धरला होता, माशीवर नव्हे, हे येथे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. पण दोनच वर्षांनी, 1924 मध्ये, डेव्हरन नदीवर क्लेमेंटिना मॉरिसन यांनी 61 पौंडांचा सॅमन माशीवरच धरला, आणि तो विक्रमही आजवर त्यांच्याच नावावर आहे. जॉर्जिनाच्या माशाची प्रतिकृती पर्थ शहरातील एका दुकानाच्या काचेआड मांडली होती. दोन वृद्ध गृहस्थ तिच्यापुढे उभे राहून, एवढा मासा कोणा बाईने ओढला असणे शक्यच नाही असे आपसात बोलत होते. जॉर्जिना त्यांच्या मागेच उभी होती. तिने त्यांना काही सांगितले नाही. मनाशी हसली आणि निघून गेली.

विक्रम हा एकटीचा असतो. मंडळ ही वेगळी गोष्ट आहे. 1932 साली, अमेरिकेत मंदीचे दिवस असताना, न्यूयॉर्कमधील काही स्त्रियांनी 'वुमन फ्लायफिशर्स क्लब' स्थापन केला. पुरुषांच्या मत्स्यमंडळांत त्यांना सभासदत्व नव्हते. नवऱ्याबरोबर पाहुणी म्हणून जाता येई. काठावर डबा उघडून बसता येई. या स्त्रियांनी भांडणाची सभा भरविली नाही, अर्ज केले नाहीत. कॅटस्किलच्या डोंगरातील नद्यांवर आपले स्वतःचे ठिकाण केले. ज्यूलिया फेअरचाइल्ड या त्याच्या पहिल्या अध्यक्षा, आणि त्यांनी ते पद दीर्घकाळ सांभाळले. चूल, मुले, पाहुणे यांतून दोन दिवस सुटून नदीवर जावयाचे, आणि तेथे कोणाचीही पत्नी म्हणून नव्हे, तर मासे धरणारी म्हणून उभे राहावयाचे, एवढीच त्या मंडळाची क्रांती. ती लहान होती असे ज्याला वाटते, त्याने आपल्या घरातील स्त्रीला तिचा शेवटचा असा दिवस कोणता, हे एकदा विचारून पाहावे.

पुढे जोन वुल्फ यांनी तर पुरुषांच्याच आखाड्यात उतरून दाखविले. लहानपणी वडील भावाला दोरी फेकावयास शिकवीत आणि ही मुलगी बघत उभी राही. एके दिवशी तिने वडिलांची काठी घेतली आणि काठीचे टोकच तळ्यात गेले! शेजाऱ्याने ते दंताळ्याने बाहेर काढून दिले. याच मुलीने 1951 साली लांब फेकीच्या स्पर्धेत साऱ्या पुरुष प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. नृत्याचे शिक्षण घेतलेल्या या स्त्रीने फेकीच्या प्रत्येक हालचालीचे पृथक्करण करून तिला नावे दिली, आणि पतीसमवेत शाळा काढून शेकडो लोकांना ती शिकविली. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यात जे एखादा बुद्धिमान शिष्य करतो, तेच हे काम.

आणि नदीवर न जाताही या जगात राहता येते. मेगन बॉइड ही स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ एका लहानशा झोपडीवजा खोलीत बसून आयुष्यभर सॅमनच्या माश्या बांधीत राहिली. तिने स्वतः कधी सॅमन धरला नाही. तिच्या गिऱ्हाइकांत राजपुत्र होते. 1971 साली तिला राजसन्मान मिळाला, तेव्हा त्या दिवशी घरच्या कुत्र्याला सांभाळावयास कोणी नाही म्हणून ती राजवाड्यात गेली नाही. माश्या बांधण्याचे हे काम पाहिले तर मराठी गृहिणीला ते परके वाटणार नाही. बारीक चिमटा, रेशमाचा धागा, मेणाचा हात, पिसाचा एकेक तंतू. मोरपिसाचे तंतू त्यात सर्रास लागतात. जुन्या सॅमनच्या माश्यांत सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची चकाकती पिसे लागत. पक्षी वाचावा म्हणून भारताने पुढे त्यांची निर्यात थांबविली. म्हणजे ज्या टेबलाभोवती परदेशी मैत्रिणी हिवाळ्याच्या रात्री बसत, त्यावर आपल्या घाटातला कोंबडा आधीच जाऊन बसला होता! आपल्याकडे वाती वळताना, शेवया करताना ज्या गप्पा होतात त्या हात रिकामे असताना होत नाहीत. बोटे गुंतली की जीभ मोकळी होते.

नदीवरची मैत्री मात्र निराळ्या जातीची असते. दोरी मागे उलगडावयास जागा लागते, म्हणून दोघींत पाच-पन्नास फुटांचे अंतर ठेवावेच लागते. एकमेकींशी बोलता येत नाही. फक्त एकमेकी दिसत राहतात. एक वाकून पाण्यातला दगड उलटा करते, त्याच्या तळाला चिकटलेले किडे पाहते, आणि आज माशाच्या तोंडी काय लागेल याचा अंदाज बांधते. त्या किड्यांपैकी काही वर्षभर पाण्याखाली काढतात आणि पंख फुटल्यावर एखादाच दिवस जगतात. मासा त्या एका दिवसाची वाट पाहत असतो, आणि माणूस माशाची. दुसरी पन्नास फुटांवरून हे सारे पाहते. संध्याकाळी परतताना दोघींना एकमेकींविषयी जे कळलेले असते, ते चार महिन्यांच्या भिशीत कळत नाही. भिशीची ही निंदा नव्हे. भिशीत बोलणे अनिवार्य असते, आणि अनिवार्य बोलणे बहुधा दुसऱ्याविषयी होते.

या मैत्रीचा सर्वांत कठीण उपयोग 1996 साली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पुनर्रचना करणाऱ्या एक शल्यविशारद आणि मासेमारी हाच व्यवसाय असलेल्या एक बाई यांनी मिळून 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था काढली. शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्या की हात आखडतो, सुजतो. खांदा सैल राहावा म्हणून रुग्णाला हळुवार व्यायाम सांगतात. माशीच्या गळाची फेक आणि तो व्यायाम यांची हालचाल जवळजवळ एकच आहे, हे या दोघींच्या ध्यानात आले. त्यांच्या शिबिरात चौदा स्त्रिया अडीच दिवस एकत्र राहतात. त्यांच्याकडून पैसा घेतला जात नाही. सकाळी गवतावर दोरी फेकणे, दुपारी पाण्यातले किडे ओळखणे, संध्याकाळी गोल बसून बोलणे, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकीने एका जाणत्या सोबत्याचा हात धरून खऱ्या नदीत उतरणे. कित्येकींनी त्यापूर्वी काठी हातात धरलेलीही नसते.

भारतातील स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. आणि मध्यमवर्गीय मराठी घरात त्याचे नाव अजूनही हळू आवाजात घेतले जाते. "तिला जरा बरे नाही," एवढेच नातेवाइकांना सांगितले जाते. औषधोपचाराला आपण पैसा उभा करतो, दागिने मोडतो, मुंबईच्या वाऱ्या करतो. त्यात आपण कमी पडत नाही. पण उपचार संपून ती घरी परतली की तिच्याशी काय बोलावे हे कोणालाच उमजत नाही, आणि ती हळदीकुंकवाला जाणे हळूच बंद करते. कोणी तिला येऊ नको म्हणत नाही. तिला तेथे सगळ्यांच्या नजरा पेलवत नाहीत, इतकेच. अशा वेळी तिच्याकडे न पाहता तिच्याबरोबर उभी राहणारी तेरा माणसे मिळणे, सर्वांचे डोळे पाण्यावर असणे, ही औषधाच्या दुकानात न मिळणारी गोष्ट आहे.

मासा सोडून देण्याविषयीचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. ज्याला खावयाचे नाही त्याला काट्याने ओढावे तरी का, असे जैन शेजारीण विचारील, आणि केवटीणही विचारील. दोघींचीही कारणे वेगळी आणि दोघींचीही वजनदार. माशाला वेदना कितपत होतात यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. सुज्ञ मत्स्यप्रेमी उलटा दात नसलेला काटा वापरतात, हात ओले करूनच मासा धरतात, त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवीत नाहीत. याने आक्षेपाची धार कमी होते, तो मिटत नाही. वैतरणेकाठी तिळसे येथे महाशीर मासे देवाचे म्हणून राखले आहेत. तेथे गळ टाकणारा पापी ठरेल, आणि ते योग्यच आहे. ज्या नदीत मासा राखावयाचा ती नदी आधी वाहती आणि स्वच्छ राखावी लागते, हे मात्र देवाच्या भक्ताला आणि माशीच्या गळाच्या भक्ताला सारखेच पटते.

राहिला खारून नदीचा प्रश्न. ट्राउट मासा थंड पाण्याचा. तो काश्मीर, कुलू, निलगिरी येथे साहेबाने आणून सोडला, रायपूरच्या उन्हात तो जगावयाचा नाही. आपले रोहू आणि कटला पिसांच्या माशीला सहसा भुलत नाहीत. पण उथळ वाहत्या पाण्यातले लहान मासे पृष्ठभागावर पडलेल्या किड्याकडे झेप घेतात, हे महादेव घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या कोणाही मुलाला ठाऊक असते. शिवाय पहिल्या कित्येक आठवड्यांत मासा आणि नदी यांपैकी कशाचीच गरज नसते. फेक गवतावरच शिकावयाची असते. काट्याच्या जागी दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधतात, म्हणजे तो कोठे पडला हे दिसते आणि कोणाच्या कानाला इजा होत नाही. त्यासाठी एक मोकळे मैदान, एक काठी आणि सकाळची अर्धी घटका पुरे. लोकर तर चौबे कॉलोनीतील कोणत्याही घरी विणकामाच्या पिशवीत सापडेल.

काठी मागे जाते. दोरी पाठीमागे उलगडते आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. ते हाताला कळावे लागते. नवशिकी घाई करते, दोरी सापासारखी तिच्या पायाशी येऊन पडते, आणि पन्नास फुटांवरून दुसरी तिला हाक मारून सांगते, "थांब, अजून थोडी थांब." त्या अंतरावरून वहिनी किंवा काकू म्हणण्याइतका वेळ नसतो, नावानेच हाक मारावी लागते.